इंजिन घाट चढण्याआधी : बोटीच्या झिजलेल्या डिझेल इंजिनाचं ऑइल प्रेशर कसं तपासायचं

बेळगावात समुद्र नाही, पण मे महिना सरत आला की उद्यमबागेतल्या काही शेडांमध्ये खाऱ्या पाण्याचा आणि सुक्या मासळीचा वास येऊ लागतो. खाली किनाऱ्यावर जून-जुलैची मासेमारीबंदी लागणार असते. मग वेंगुर्ला, मालवण, गोवा, कारवार इकडच्या ट्रॉलरांची इंजिनं उतरतात, टेम्पोत बसतात आणि चोर्ल्याच्या नाहीतर आंबोलीच्या घाटानं वर येतात. क्रँक ग्राइंडिंग, लायनर, पंप-नोझल ही सगळी कामं इथं एकाच आवारात होतात म्हणून. टेम्पोतून उतरलेला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "मेस्त्री, प्रेशर नाय हा. क्रँक घासून टाका."

हा लेख त्या वाक्यावर लगेच विश्वास ठेवणाऱ्या नव्या पोरांसाठी आहे. बेळगाव, खानापूर, चंदगडकडची बरीच मुलं ट्रॅक्टर आणि ट्रकच्या इंजिनावर हात बसवतात आणि मग एक दिवस मालक म्हणतो, जा, खाली जाऊन बोटीचं इंजिन बघून ये. इंजिन आतून ओळखीचंच असतं. कित्येकदा तर ट्रकचंच इंजिन बोटीसाठी बदललेलं असतं. पण ते जिथं बसवलेलं असतं ती जागा वेगळी, म्हणून रोगही थोडे वेगळे.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. सहा सिलिंडरचं इंजिन आलं, प्रेशर कमी म्हणून. मी एकही प्रश्न विचारला नाही. क्रँक घासून पाव मिलिमीटर अंडरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा बारीक, केला, नवी बेअरिंगं घातली, सगळं झकास करून खाली पाठवलं. चार दिवसांनी फोन आला, प्रेशर होतं तेवढंच आहे. खाली जाऊन पाहिलं तर रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेच्या) सीटवर जुन्या पॅकिंगचा नखाएवढा तुकडा अडकलेला. वीस मिनिटांचं काम. मालकाचे क्रेनचे, टेम्पोचे, ग्राइंडिंगचे पैसे गेले, आणि बंदी उठल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस, जे वर्षातले सगळ्यात कमाईचे, तेही गेले. तेव्हापासून माझा नियम असा : इंजिन बोटीतच असताना जेवढं कळेल तेवढं कळून घ्यायचं. एकदा ते घाट चढून वर आलं की अर्धा पुरावा खालीच राहतो. वर्कशॉपमध्ये पंख्याचा (प्रोपेलरचा) लोड नाही, समुद्राचं पाणी नाही, बोटीचा कल नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा

ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही. तो फक्त ऑइल ढकलतो. त्या ऑइलला पुढं जाताना जो अडथळा होतो त्यातून प्रेशर तयार होतं. चिकोडी-अथणीकडं उसाला ठिबक असलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मोटर तीच, विहीर तीच, पण मधल्या नळ्यांचे सांधे सुटले की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही आणि हेडजवळचा काटा खाली येतो. इंजिनात त्या नळ्यांच्या जागी बेअरिंग आणि जर्नल, म्हणजे क्रँकचा त्यात फिरणारा गोल भाग, यांच्यामधली फट असते.

आणि ही फट मोठी लबाड असते. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होते. म्हणून जुनं इंजिन वर्षानुवर्षं बरं चालतं आणि मग एका हंगामात एकदम बसतं. शिवाय ऑइल गरम झालं की पातळ होतं. नेहमीचं 15डब्ल्यू-40 ऑइल 40 अंशांना जेवढं दाट असतं त्याच्या साधारण सात-आठ पट पातळ ते 100 अंशांना होतं. त्यामुळं थंड इंजिनाचं प्रेशर बघून कुणाचंही समाधान होऊ देऊ नका. सकाळी जेट्टीवर चालू केल्या केल्या काटा वर उडतो आणि तांडेल म्हणतो, "बघा, आता बरा आसा." काही बरं नसतं, ऑइल दाट असतं एवढंच.

तर प्रेशर कमी असण्याची कारणं चारच ठिकाणी शोधायची. ऑइल पातळ झालंय, काटा खोटं बोलतोय, पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही किंवा तो झिजलाय, नाहीतर ऑइल कुठंतरी जास्त वाहून जातंय. तपासायचं याच क्रमानं, कारण स्वस्त काम आधी आणि महाग काम शेवटी.

सोबत काय न्यायचं

शून्य ते दहा किलोचं (चौरस सेंटिमीटरला किलो) एक साधं मेकॅनिकल गेज, त्याला दोन-तीन फूट ऑइलची होज आणि वेगवेगळ्या आट्यांचे अडॅप्टर. यात एक खोच आहे. प्रेशर युनिटच्या, म्हणजे काट्याला आकडा पाठवणाऱ्या सेन्सरच्या, भोकाला 1/8 बीएसपी आणि 1/8 एनपीटी या दोन्ही प्रकारच्या आट्या सापडतात. एकीला इंचात 28 आटे, दुसरीला 27. दोन फेरे दोन्ही बसतात, तिसऱ्याला पाना लावला की ब्लॉकची आटी गेली. हातानं शेवटपर्यंत जात नसेल तर अडॅप्टर बदला. बाकी सामान म्हणजे तापमान बघायची इन्फ्रारेड बंदूक, फीलर गेज, एक लोहचुंबक, पांढरं सुती फडकं, टीपकागद, फिल्टर कापायला पत्रा-कात्री, आणि वही. वही विसरलात तर बाकीचं नेलंत काय आणि नाही काय.

पहिली पायरी : डिपस्टिक, पण नीट

इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पट्टी ओढा. इथं ट्रकवाल्या पोरांची पहिली फसगत होते. बोटीत इंजिन सपाट बसत नाही. पंख्याच्या शाफ्टच्या रेषेत ते मागं कललेलं असतं. डिपस्टिकवरच्या खुणा सपाट इंजिनासाठी मारलेल्या असतील तर त्या बोटीत खोट्या ठरतात. पट्टी फुल दाखवते आणि प्रत्यक्षात पंप जिच्यातून ऑइल ओढतो त्या जाळीच्या तोंडाशी ऑइल कमी असतं, किंवा उलटं. इंजिन बदललेलं असेल, पट्टी दुसऱ्या इंजिनाची असेल, तर एकदा सगळं ऑइल काढा, मॅन्युअलमध्ये दिलेले लिटर मोजून भरा, फिल्टर भरेपर्यंत चालवा, बंद करून थांबा आणि मग पट्टीवर नवी खूण करा. मी कानसनं हलकी रेघ मारतो. रंगाची खूण दोन महिन्यांत जाते.

मग ऑइलचा वास घ्या. एका बोटीवर गेलो होतो, तिथं ऑइल फुल खुणेच्या दोन बोटं वर. खलाशी स्वतःच चक्रावलेला, "ऑइल वाढता कसा, मेस्त्री? आमी घालूक नाय." इंजिनात ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात दुसरं काहीतरी येतं. पट्टीवरचा एक थेंब टीपकागदावर टाकला आणि उन्हात ठेवला. मधला डाग काळा, आणि त्याच्या भोवती पातळ, पिवळसर कडं पसरत गेलं. डिझेल. नाकालाही आधीच कळलं होतं. कारणं ठरलेली : नोझल नीट फवारत नाही आणि थेंब गाळतं, फीड पंपाचा डायफ्राम फाटलाय, किंवा फ्युएल पंपाचा सील गेलाय आणि डिझेल टायमिंगच्या बाजूनं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतंय. अशा इंजिनाचं प्रेशर कमी असणारच. गळती बंद करा, ऑइल आणि फिल्टर बदला आणि मगच प्रेशर मोजा. त्या आधी मोजलेला आकडा वहीत लिहूच नका.

ऑइल दुधी किंवा कॉफीसारखं दिसलं तर पाणी आहे. खारं पाणी असेल तर वेळ घालवू नका. खारट ऑइल चेंबरमध्ये रात्रभर राहिलं तरी जर्नलवर गंज धरायला सुरुवात होते. ते ऑइल लगेच काढायचं, स्वस्त ऑइल भरून थोडं फिरवायचं, पुन्हा काढायचं, आणि पाणी कुठून आलं ते शोधल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही.

दुसरी पायरी : काटा खरा आहे का?

व्हीलहाउसमधला काटा म्हणजे एक वायर, एक युनिट, एक अर्थिंग आणि समुद्राची खारी हवा. यातलं काहीही बिघडू शकतं. युनिट काढा, त्या जागी आपलं मेकॅनिकल गेज लावा. गळत नाही ना बघा, कारण गरम ऑइलची धार हातावर आली तर कातडी जाते.

मेकॅनिकल गेजवर प्रेशर ठीक आणि बोटीच्या काट्यावर कमी, असं निघालं तर काम संपलं. युनिट बदला, अर्थिंग घासून बसवा आणि बिल द्या. मालक थोडा नाराज होतो, एवढ्यासाठी बेळगावहून आलास म्हणून. होऊ दे.

गेज लावायच्या जागेबद्दल एक सूचना. काही इंजिनांत युनिट फिल्टरच्या आधी असतं, काहींत नंतर मेन गॅलरीत, म्हणजे बेअरिंगांना ऑइल वाटणाऱ्या मुख्य वाटेत. शक्य असेल तर मेन गॅलरीतच मोजा. बेअरिंगला काय मिळतं ते तिथं कळतं. दोन्हीकडे भोक असेल तर दोन्ही आकडे घ्या. फिल्टरच्या आधी भरपूर आणि नंतर कमी असेल तर फिल्टर किंवा कूलर तुंबलाय, आणि हे पंधरा मिनिटांत कळलं.

तिसरी पायरी : वहीचं पान

आता खरं काम. बोट दोरांनी पक्की बांधा, कारण गिअर टाकून लोडवर मोजायचं आहे. समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडा आहे ना बघा, नाहीतर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर मिनिट-दोन मिनिटांत जळतो. आणि पंख्याच्या बाजूला कुणी पोहत नाही, दोर सुटलेला नाही, हे स्वतः बघा, दुसऱ्याला विचारू नका.

मी असं लिहितो. थंड इंजिन, स्लो रेस (सगळ्यात कमी फेरे) : एवढे किलो. मग अर्धा तास गिअरमध्ये चालवून पाण्याचं तापमान 80 अंशांच्या आसपास आलं की पुन्हा स्लो रेस. मग मिनिटाला 1000, 1500 फेरे आणि कामाचा रेस. प्रत्येक वेळी एक मिनिट थांबून काटा स्थिर होऊ द्यायचा. शेवटी रेस उतरवून परत स्लो. कूलरमध्ये ऑइल आत जातं तिथलं आणि बाहेर येतं तिथलं तापमानही बंदुकीनं घेऊन ठेवायचं.

किती असावं? उत्तर त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि तेच खरं. मॅन्युअल नसेल तर जुन्या मेस्त्र्यांचा ढोबळ हिशोब असा की गरम इंजिनाला दर हजार रेसमागे निदान 10 पीएसआय, म्हणजे साधारण 0.7 किलो हवं. ही तळाची पायरी आहे, निरोगी इंजिनाचं लक्षण नव्हे. बरीच चांगली इंजिनं कामाच्या रेसला गरमागरम तीन ते पाच किलो दाखवतात. पीएसआय आणि किलो यांत गोंधळू नका : 1 किलो म्हणजे 14.2 पीएसआय.

आकडा किती आहे यापेक्षा तो कसा हलतो ते जास्त सांगतं. थंड असताना चांगलं आणि गरम झाल्यावर स्लो रेसला पडतं, पण रेस दिला की बऱ्यापैकी चढतं, तर फटी वाढल्यात किंवा ऑइल पातळ आहे. थंड असो की गरम, स्लो असो की फुल, काटा एका ठराविक कमी आकड्याच्या वर जातच नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय किंवा त्याची स्प्रिंग तुटलीय. स्लोला ठीक आणि रेस वाढवला की उलट खाली येतं, तर जाळी तुंबलीय. पंप जेवढं मागतो तेवढं त्याला मिळत नाही. काटा थरथरत असेल, विशेषतः बोट डुलताना, तर पंप हवा ओढतोय. ऑइल कमी आहे, कल जास्त आहे, किंवा जाळीच्या पाइपाचा ओरिंग चिरलाय. आणि चालता चालता एकदम शून्य झालं तर प्रश्नच नाही, इंजिन त्याच क्षणी बंद. बोट दोराच्या भरवशावर राहिली तरी चालेल. पंपाची ड्राइव्ह तुटली असेल तर मिनिटाभरात क्रँक बेअरिंगला चिकटतो.

वहीतलं एक जुनं पान डोळ्यांसमोर आहे. थंड स्लो 3.8, गरम स्लो 0.6, गरम 1500 ला 1.9, कामाच्या रेसला 2.4. ऑइल नवं, डिझेलचा वास नाही, काटा स्थिर. हे पान वाचायला शिकलात की इंजिन न उघडता तुम्ही मालकाला सांगू शकता की याचं काम आता खरंच बेअरिंगपर्यंत जाणार आहे. आणि तरीही मधल्या पायऱ्या गाळायच्या नाहीत.

चौथी पायरी : बोटीतच होणारी स्वस्त कामं

फिल्टर. तो नुसता बदलून फेकू नका, कापा. कागद पसरून पांढऱ्या फडक्यावर पिळा आणि उन्हात धरा. चमचमणारे कण दिसतील. चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, म्हणजे क्रँक, रिंग, गिअर यांतलं काहीतरी. चिकटले नाहीत आणि राखाडी पातळ पापुद्रे असतील तर बेअरिंगचा वरचा थर जातोय. तांबूस कण दिसले तर बेअरिंग वरचा थर संपवून तांब्यापर्यंत पोचलंय, किंवा एखादा बुश गेलाय. तांबूस दिसल्यावर मी इंजिन पुन्हा चालू करत नाही, मालक कितीही म्हणाला की फक्त धक्क्यापर्यंत नेतो.

रिलीफ व्हॉल्व्ह. बऱ्याच इंजिनांवर तो बाहेरून, एका मोठ्या बोल्टखाली असतो. काढा, प्लंजर डिझेलनं धुवा, भोकात हातानं टाकून बघा. स्वतःच्या वजनानं सरकत खाली जायला हवा. अडखळत असेल तर ओरखडे आहेत. स्प्रिंगची लांबी मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

आता एक जुगाड, जो तुम्हाला खाली प्रत्येक धक्क्यावर कुणीतरी सांगेल : स्प्रिंगखाली दोन वॉशर टाक, प्रेशर वाढतं. थोडा विचार करा. रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो कधी? प्रेशर ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की. गरम इंजिनाला स्लो रेसवर 0.6 किलो प्रेशर असताना तो आधीच घट्ट बंद आहे. बंद दाराला आणखी एक कडी लावून काय होणार? गरम स्लोचा आकडा तसूभरही हलत नाही. फक्त सकाळच्या थंड इंजिनाचं प्रेशर नको तेवढं वाढतं आणि फिल्टरचं पॅकिंग किंवा कूलरची नळी फुटते. तरी वॉशर टाकणारे टाकतात. थंड काटा वर गेलेला दिसतो, मालक खूश, मेस्त्री पैसे घेऊन पसार.

ऑइल कूलर. ट्रकच्या पोरांनी हा नीट समजून घ्यावा, कारण बोटीत याच्यातून समुद्राचंच पाणी फिरतं. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून नळीला छिद्र पडलं तर ऑइल पाण्यात जातं. सायलेन्सरच्या पाण्याबरोबर बाहेर तवंग दिसतो आणि पट्टी रोज थोडी खाली येते. इंजिन बंद झालं की उलटं होऊ शकतं. पाणी हळूहळू ऑइलमध्ये शिरतं. म्हणून "रात्री ठीक होतं, सकाळी दुधी झालं" असं कुणी म्हणालं की आधी कूलर. तो सोडवून एका बाजूनं हवेचं प्रेशर द्या आणि पिंपात बुडवा. बुडबुडे कुठून येतात ते सायकलच्या ट्यूबसारखं दिसतं. त्याच वेळी झिंकचा दांडा काढून बघा. तो स्वतः झिजून तांब्याच्या नळ्या वाचवत असतो. जागेवर नुसता पितळी बोल्टच उरला असेल तर नळ्यांची वाट का लागली ते कळलं.

छिद्र नसलं तरी कूलर आतून गाळ आणि शिंपल्यांनी भरलेला असतो. मग ऑइल थंड होत नाही, जास्त गरम, जास्त पातळ, प्रेशर कमी. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या ऑइलच्या तापमानात फरकच नसेल तर क्रँकला हात लावायच्या आधी कूलर साफ करा. आपल्याकडं हिडकलच्या जलाशयात किंवा कृष्णेत चालणाऱ्या बोटींना खारं पाणी नसतं, पण पावसाळ्यातलं गढूळ पाणी तेच काम करतं. आणि एक, हिडकलच्या पाण्यावर काम करत असाल तर काढलेलं ऑइल डब्यात भरून घरी आणा, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, सोडू नका. ते पाणी बेळगावात आपल्याच नळाला येतं.

पाचवी पायरी : चेंबर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि प्रेशर अजून कमीच आहे, तर आता खालून बघायचं. बोटीतली अडचण अशी की चेंबर काढायला खाली जागाच नसते. इंजिन दोन लाकडी नाहीतर लोखंडी बीमांवर बसलेलं, खाली बिल्ज. काही इंजिनांना बाजूला इन्स्पेक्शनची झाकणं असतात. ती असतील तर नशीब समजा. तिथून हात घालून मोठ्या बेअरिंगचा खेळ कळतो आणि जाळीही दिसते. नसतील तर इंजिन बेडवरून उचलावं लागतं, चेनपुलीवर हातभर तरी.

जाळी काढली की आधी तिच्यावर काय चिकटलंय ते बघा, धुवायची घाई करू नका. काळा चिकट गाळ असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. लाल, निळे रबरासारखे तुकडे असतील तर आधीच्या मेस्त्रीनं सिलिकॉन भरमसाट लावलंय. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही ओघळतं आणि थेट जाळीवर जाऊन बसतं. पाइपाचं पॅकिंग आणि ओरिंग न बघता बदला.

पंप उघडा. गिअरवर सरळ पट्टी ठेवून गिअर आणि झाकण यांच्यातली फट फीलरनं मोजा. बऱ्याच पंपांत ती 0.05 ते 0.10 मिलिमीटरच्या आसपास चालते, पण पक्का आकडा मॅन्युअलचा. झाकणावर गिअरनं चाकोरी पाडली असेल तर जाड काचेवर लॅपिंग पेस्ट टाकून ते सपाट करता येतं. अर्ध्या तासाच्या या कामानं कधीकधी थक्क व्हायला होतं.

मग एक मेन आणि एक बिग एन्ड (कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचा) कॅप खोला. सगळे नकोत, आधी दोनच. पंपापासून सगळ्यात लांबचं बेअरिंग निवडा. कॅपवर नंबर आहेत का बघा, नसतील तर पंच मारा. कॅप अदलाबदल झाले तर नव्यानं लाइन बोअरिंगशिवाय सुटका नाही. जर्नल पुसून प्लास्टिगेजचा (दाबला की चपटा होणाऱ्या मापाच्या धाग्याचा) तुकडा आडवा ठेवा, कॅप टॉर्क रेंचनं सांगितल्याएवढा आवळा, क्रँक अजिबात फिरवू नका आणि परत खोला. चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवला की फट मिळते. ढोबळ मानानं 75 मिलिमीटरच्या जर्नलला 0.06 ते 0.10 इतकी फट नवी म्हणायची. 0.18 निघाली तर त्या वहीच्या पानाचा अर्थ आता हातात आला.

फटी बऱ्या निघाल्या तर? तर उरलेल्या गळत्या शोधा : कॅमचे बुश, रॉकर शाफ्ट, मधल्या टायमिंग गिअरचा बुश, पिस्टनवर ऑइल मारणारे जेट, आणि गॅलरीचा एखादा प्लग जो मागच्या वेळी कुणी घालायलाच विसरलाय. रॉकर कव्हर काढून चालू इंजिनात बघितलं तर वर ऑइल ओसंडतंय की ठिबकतंय ते डोळ्यांनी दिसतं.

वर आणायचंच असेल तर

आता इंजिन घाट चढू दे. वहीचं पान, कापलेला फिल्टर, आणि खोललेल्या दोन बेअरिंगांचे शेल पिशवीत घालून सोबत पाठवा. ग्राइंडिंगवाल्याकडं जर्नल मायक्रोमीटरनं किमान दोन ठिकाणी आणि दोन दिशांना मोजून घ्या. गोलाई गेलीय का आणि एका बाजूला निमुळता झालाय का, दोन्ही कळतं. अंडरसाइज पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर अशा पायऱ्यांनी जातो. ग्राइंड करायच्या आधी त्या मापाची बेअरिंगं बाजारात मिळतात याची खात्री करा. हे उलट्या क्रमानं करून क्रँक शेडमध्ये महिनाभर पडलेला मी पाहिलाय. परत घेताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई शिल्लक आहे का, ऑइलच्या भोकाची कड मोडलीय का, आणि भोकांत ग्राइंडिंगची भुकटी नाही ना, हे बघा. प्लग काढून तार आणि डिझेलनं प्रत्येक भोक साफ करायचं. भोकातली भुकटी नवं बेअरिंग तासाभरात खाते.

आमच्याकडं बैलहोंगलचा एक हेल्पर आहे. इंजिन बंद करून टेम्पोत चढवायच्या आधी तो दर वेळी कन्नडमध्ये विचारतो, "एण्णी नोडिदेनु?" ऑइल बघितलंस का. कंटाळा आला तरी त्याला उत्तर द्यावं लागतं.

बोटीत परत बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना फिल्टर ऑइलनं भरून लावा, स्टॉप ओढून ठेवा आणि नुसतं सेल्फनं फिरवा, मेकॅनिकल गेजचा काटा हलेपर्यंत. पण एक सावधगिरी आहे, जी ट्रकमध्ये कधी लागत नाही. सायलेन्सरमध्ये समुद्राचं पाणी सोडणारी बोट असेल तर असं बराच वेळ फिरवताना समुद्राचा कॉक बंद ठेवा. इंजिन पेटलेलं नसतं, त्यामुळं पंपानं आणलेलं पाणी बाहेर फेकलं जात नाही. ते सायलेन्सरमध्ये साचतं आणि उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. नवं इंजिन पहिल्याच दिवशी पाण्यानं भरलेलं बघायचं नसेल तर कॉकच्या हँडलला लाल फडकं बांधा आणि पेटवायच्या आधी ते सोडून कॉक उघडा.

मग पुन्हा तेच पान : थंड स्लो, गरम स्लो, 1000, 1500, कामाचा रेस. आकडे व्हीलहाउसमधल्या काट्याच्या शेजारी मार्करनं लिहून ठेवा, तारखेसह आणि ऑइलच्या ग्रेडसह. पुढच्या मे महिन्यात कुणीतरी पुन्हा म्हणेल प्रेशर नाय, तेव्हा किती होतं ते भिंतीवर असेल.